घाटाखालचा वडा आणि हमरस्त्यावरचा बर्गर

प्रवासात काय खायचं, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी घराबाहेर पडणाऱ्या माणसाला त्यात निवड अशी नव्हतीच. घरून बांधून दिलेली शिदोरी खायची आणि ती संपायच्या आत कुणा नातेवाइकाचं किंवा जातभाईचं घर गाठायचं. दशमीचं पीठ दुधात का भिजवत? चवीसाठी, असं आपण आता म्हणतो. ती टिकायचीही चांगली. पण त्यात सोवळ्याचा भाग मोठा होता. पाण्यानं विटाळ होतो, दुधानं होत नाही, अशी सोईस्कर समजूत होती.

आज मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या एखाद्या फूड मॉलमध्ये गाडी थांबली, की मुलं बर्गरच्या काउंटरकडे धावतात, आजोबा वडापावच्या रांगेत उभे राहतात आणि आईवडील मध्येच कुठं तरी पाकीट शोधत असतात. मग गाडीत पुढचा अर्धा तास आपली संस्कृती, त्यांची संस्कृती यावर वाद. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला हा वाद चुकीच्या टोकाकडून सुरू झाल्यासारखा वाटतो. जिभेचा हिशोब नंतर करू. आधी हे विचारावं, की गाडी इथंच का थांबली?

कर्जतचंच उदाहरण घेऊ. कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध आहे. दिवाडकरांचं नाव तर पुण्या-मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी आहे. पण वड्याला लागणारं बेसन, बटाटा, मिरची, तेल यातलं खास कर्जतचं असं काय आहे? काहीच नाही. कर्जतचं खास काय, तर पुढं असलेला बोरघाट.

हा घाट चढवणं हे त्या काळातलं अचाट काम होतं. पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत रेल्वे १८५८ साली आली आणि खालच्या बाजूनं ती खोपोलीपर्यंत पोहोचली होती. मधला डोंगर मात्र तसाच. प्रवासी घाटमाथ्यावर उतरत आणि पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट उतरून पुन्हा आगगाडीत बसत. घाटाचं काम हजारो मजुरांनी केलं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट पुढं चालवून पार पाडलं. तिच्यावर एक स्वतंत्र भाषण व्हायला हवं. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. चढ सदतीस फुटांना एक फूट. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो, पण आगगाडीच्या दृष्टीनं ही जवळजवळ भिंतच. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं जोडावी लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. ती जोडायची जागा कर्जत.

इंजिन जोडायला काही मिनिटं लागतात. या मिनिटांत गाडीतली शेकडो माणसं रिकामी बसलेली असतात, भूक लागलेली असते किंवा लागल्यासारखी वाटते, आणि पुढं घाटाचा गारवा आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. कर्जतचा वडा या मिनिटांचं अपत्य आहे. तो गरमच हवा, हातात धरून खाता यायला हवा, ताट-वाटी लागता कामा नये, आणि सुट्ट्या पैशांत व्यवहार मिटायला हवा. वरती लोणावळ्याची चिक्की याच्या उलट स्वभावाची. गूळ-शेंगदाण्याला घाई नसते. ती घरी न्यायची वस्तू, म्हणून तिला मिनिटांची गरज कमी.

आता ज्याला आपण त्या त्या गावची खासियत म्हणतो, ती खाणं प्रत्येकाला मोकळं होतं का? मुळीच नाही. हा भाग आपण आठवणींच्या गोडव्यात विसरतो. स्टेशनांवर हिंदूंचं पाणी आणि मुसलमानांचं पाणी वेगळं असे, ते पाजणारी माणसं वेगळी असत. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहापानाला गेल्याबद्दल रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आलं. ही झाली समाजात वर बसलेल्यांची गोष्ट. खाली काय होतं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे. साल १९०१. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे निघालेली चार मुलं, अंगावर चांगले कपडे, बरोबर घरच्या जेवणाचे डबे. महार आहोत असं कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला, बैलगाडीवाले गाडीत घेईनात. दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायची या अटीवर एक जण कसाबसा तयार झाला. रात्री टोलनाक्यावर मुलांनी पाणी मागितलं. ते मिळालं नाही. डबे भरलेले होते, पण पाण्यावाचून ती मुलं जेवली नाहीत, उपाशीच झोपली. प्रवासातल्या खाण्याचा आपला इतिहास लिहायचा, तर दशमीच्या शेजारी हे डबेही मांडायला हवेत.

म्हणून फलाटावरच्या वडेवाल्याकडे मी जरा निराळ्या नजरेनं पाहतो. खिडकीतून पैसे बाहेर येतात, कागदात गुंडाळलेले वडे आत जातात. तळणारा कोण, खाणारा कोण, हे विचारायला कुणाला फुरसत नसते. गाडी सुटायची असते. आगगाडीच्या घाईनं सोवळं जेवढं मोडलं, तेवढं अनेक व्याख्यानांनी मोडलं नसेल, असं माझं मत आहे.

आणि नेमकी हीच ओळख अमेरिकेतल्या बर्गरचीही आहे. तिथं आगगाडीच्या जागी मोटार आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारीनं लांब जाणाऱ्या अमेरिकन माणसाला रस्त्यावरच्या खानावळींची धास्ती असे. डंकन हाइन्स नावाचा एक फिरता विक्रेता गावोगावच्या चांगल्या, स्वच्छ खानावळींची टिपणं ठेवायचा. ती त्यानं १९३६ साली पुस्तकरूपात काढली आणि ते हातोहात खपलं. लोकांना चवीबरोबर भरवसा विकत हवा होता. १९४० साली पेनसिल्व्हेनियात नियंत्रित प्रवेशाचा लांब पल्ल्याचा महामार्ग सुरू झाला. त्यावर शिरलं, की मधल्या गावांत सहज उतरता येत नसे. प्रवाशांना खाऊ घालण्याचं काम हॉवर्ड जॉन्सन या साखळीकडे गेलं. सगळीकडे तेच नारिंगी छप्पर, तोच पदार्थ.

त्याच वर्षी, १९४० मध्ये, मॅकडोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मोटारवाल्यांसाठी खाण्याचं ठिकाण उघडलं. आठ वर्षांनी त्यांनी ते काही काळ बंद ठेवलं, पदार्थांची लांबलचक यादी छाटली, बशा आणि काटे-चमचे काढून टाकले आणि पंधरा सेंटला बर्गर विकायला लागले. हातात धरून खायचा, गरम, कागदात गुंडाळलेला, सुट्ट्या पैशांतला. श्रोत्यांना कर्जतची आठवण झाली असेल. पुढं १९५५ साली रे क्रॉकनं शिकागोजवळ आपलं पहिलं दुकान काढलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं आंतरराज्य महामार्गांचा प्रचंड कायदा केला. रस्ते वाढले तसा बर्गर वाढला.

म्हणजे वडा आणि बर्गर ही परक्या माणसाला झटपट, नाव-गाव न विचारता खाऊ घालण्याची दोन उत्तरं आहेत. फरक आहे तो पुढं. वडा जिथं जन्मला तिथंच राहिला आणि प्रवासी त्याच्यापाशी आला. बर्गर प्रवाशाच्या पुढं पुढं धावला. ऑक्टोबर १९९६ मध्ये तो दिल्लीत आणि पाठोपाठ मुंबईत पोहोचला, गोमांस मागं ठेवून. इथं त्यानं पोटात काय भरून घेतलं? बटाटा! हा बटाटा दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे पोर्तुगिजांच्या मागोमाग आलेला आणि नावही त्यांच्याच भाषेतलं घेऊन बसलेला. पावाचंही तेच. तेव्हा देशी-परदेशीचा झेंडा घेऊन वडापावच्या बाजूनं लढायला जाऊ नये, तो पुरावा आपल्याच अंगाशी येईल.

माझी बाजू मात्र मी लपवत नाही. प्रवासात मी वडाच घेतो, आणि त्याचं कारण साधं आहे. बर्गर खाल्ला की मी कुठं आहे हे मला कळत नाही. तशी त्याची रचनाच आहे. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, लहान मूल रडत असताना तो मोठा आधार असतो, हे मान्य. पण बोरघाटाच्या पायथ्याशी मला कसला आधार हवा आहे?

प्रश्न एवढाच, की निवड किती दिवस माझ्या हाती राहणार. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि खोपोली, खंडाळा, लोणावळा या गावांतून जाणारी बरीच मोटार-वाहतूक बाजूला वळली. नियंत्रित रस्ता म्हणजे पेनसिल्व्हेनियाचाच कित्ता. कुठं थांबायचं ते रस्ता बांधणाऱ्यानं ठरवलेलं. फूड मॉलमध्ये वडाही मिळतो, नाही असं नाही, पण तो कुठल्या गावचा हे सांगता येणार नाही. रेल्वेतही डब्यांच्या खिडक्या वातानुकूलनासाठी काचेनं बंद झाल्या. त्या डब्यांपुरता वडेवाल्याचा सारा धंदा दोन दारांवर आला.

अजून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना बँकर लागतो. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या अनेक डब्यांखाली मोटारी आहेत, त्यामुळं मागून ढकलणाऱ्या इंजिनाशिवाय ती घाट चढते. जेवण जागेवर, ट्रेमध्ये येतं. इंजिन जोडायचं नसल्यामुळं कर्जतला थांबायचं तिला काही कारण उरलेलं नाही.