उघड्या जागेतील तंबाखूचा धूरही अपायकारक

इतरांनी ओढलेल्या विडी-सिगारेटचा धूर श्वासावाटे शरीरात जाणे, यास अप्रत्यक्ष धूम्रपान असे म्हणतात. हा धोका बंद खोलीपुरताच मर्यादित असून मोकळ्या हवेत धूर विरून जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे.

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक घटक असून त्यांपैकी सुमारे ७० घटक कर्करोगास कारणीभूत ठरतात. अप्रत्यक्ष धूम्रपानामुळे हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. अल्पकाळ धुराशी संपर्क आल्यासही रक्तवाहिन्यांच्या कार्यावर परिणाम होतो, तसेच दम्याच्या रुग्णांना झटका येऊ शकतो. लहान मुले व गर्भवती स्त्रियांना याचा विशेष धोका असतो. या धुराची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरल यांच्या २००६ च्या अहवालात नमूद करण्यात आले आहे.

मोकळ्या जागेत अंतर व वाऱ्याची दिशा या दोन बाबी निर्णायक ठरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उद्याने तसेच उपाहारगृहांच्या उघड्या आवारात केलेल्या मोजमापाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणाऱ्यापासून सुमारे अर्ध्या मीटरच्या आत धुराच्या कणांचे प्रमाण बंद खोलीतील प्रमाणाइतके होऊ शकते, असे त्यात आढळून आले. दोन मीटरपलीकडे मात्र ते बरेच कमी होते. सिगारेट विझल्यानंतर बंद खोलीत धूर दीर्घकाळ रेंगाळतो. उघड्यावर तो लवकर नाहीसा होतो. तथापि, बसथांब्यावरील रांगेत किंवा फलाटावरील गर्दीत दोन मीटरचे अंतर राखणे क्वचितच शक्य होते.

भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातील सार्वजनिक ठिकाणांच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळण्यात आली होती. तथापि, २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार खुली प्रेक्षागृहे, क्रीडांगणे, रेल्वे स्थानके व बसथांबे येथेही धूम्रपानास मनाई आहे. नियमभंग करणाऱ्यास केंद्रीय कायद्यानुसार २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार कोणाकडे करावी, त्या व्यक्तीचे नाव अशा ठिकाणी ठळकपणे लावणे व्यवस्थापनावर बंधनकारक आहे.