रिपोर्टवरचे ते दोन शब्द

स्तनातल्या गाठीत कर्करोग निघाला, की तुकड्याच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ किंवा ‘ईआर निगेटिव्ह’ असं लिहून येतं. हे शब्द कुठून आले, ते आज आपण पाहू.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉक्टर जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली जाहीर केलं, की बीजांडकोष काढल्यावर त्यांच्या रुग्ण बाईच्या गाठी विरल्या. पुढे अनेकींवर अशी ऑपरेशनं झाली. पण गुण यायचा साधारण तिघींत एकीला. उरलेल्या दोघींनी ते सगळं उगाच सोसलं. कुणाला गुण येईल, हे आधी सांगता येत नव्हतं.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकागोला एलवूड जेन्सन यांनी याचं उत्तर शोधलं. बीजांडकोषातून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात येतो. गर्भाशयाच्या पेशींतलं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं. त्या प्रथिनाचं नाव रिसेप्टर. काही गाठींतही ते असतं. अशा गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात आणि त्याला अडवलं की बहुधा आटतात. ईआर म्हणजे हाच इस्ट्रोजेन रिसेप्टर.

पण तपासणी अवघड होती. गाठीचा मोठा, ताजा तुकडा गोठवून कुटावा लागे. गाठ लहान असली, तर तुकडा पुरत नसे.

मग जेन्सन आणि जेफ्री ग्रीन यांनी अँटिबॉडीचा मार्ग धरला. बाहेरचं काही अंगात शिरलं, की शरीर त्याला नेमकं ओळखून चिकटणारी प्रथिनं बनवतं. त्या अँटिबॉडी. १९७७ साली त्यांनी वासराच्या गर्भाशयातलं रिसेप्टर सशाला टोचून त्या मिळवल्या. १९८० साली माणसाच्या रिसेप्टरसाठी मिळवल्या. ते रिसेप्टर आलं मिशिगनमधल्या एका जोगिणीच्या पेशींतून. तिला स्तनाचा कर्करोग होता. तिच्या पेशी प्रयोगशाळेत आजही वाढतात. ते रिसेप्टर उंदरांना टोचलं आणि त्यांच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी न मरणाऱ्या कर्करोगी पेशींशी जोडल्या. आता एकसारख्या अँटिबॉडी हव्या तितक्या मिळू लागल्या.

त्यामुळे पातळ काप काचेवर ठेवून तपासता येऊ लागला. अँटिबॉडी रिसेप्टरला चिकटते, वर रंग चढवला की पेशींची केंद्रं तपकिरी दिसतात. सुईने काढलेला बारीक तुकडाही पुरतो.

ईआर पॉझिटिव्ह असेल, तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. निगेटिव्ह असेल, तर उपचार वेगळे. म्हणून आपल्या गटातल्या कुणाला हा आजार निघाला, तर आपण सोबत जाऊ आणि डॉक्टरांना विचारू, “ईआर तपासलं का?” आणि तो कागद जपून ठेवू. तो नसल्यामुळे कितीतरी जणींनी उगाच सोसलं आहे.