वनदेवींचा विलाप आणि आयर्लंडची चाल

जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या वर 'चाल : अमुक' असं छापलेलं आपण पाहिलं आहे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आज मात्र चाल उसनी आहे म्हटलं की आपण लगेच चोरीची भाषा बोलतो. मौलिकतेचा हा प्रश्न वर्गात निघाला की आम्ही रवींद्रनाथांचं उदाहरण देत असू.

ठाकुरांच्या घरी थॉमस मूरच्या 'आयरिश मेलडीज'ची सचित्र प्रत होती. अक्षयचंद्र चौधुरी त्यातल्या कविता तल्लीन होऊन म्हणत. चाली ठाऊक नव्हत्या. चित्रातल्या हार्पच्या साथीवर लहानगा रवी मनातल्या मनात त्या गाई. त्यातून त्याचा एक स्वतःचा आयर्लंड तयार झाला.

१८७८ मध्ये मुंबईत आत्माराम पांडुरंगांच्या घरी राहून तो इंग्लंडला गेला. तिथं त्या चाली खरोखर शिकला. गोड, करुण, साध्या; पण मनातल्या हार्पशी काही त्या जुळेनात. पुढं 'जीवनस्मृती'त त्यांनी हे मोकळेपणी लिहिलं आहे.

आणि तरीही १८८१ च्या 'वाल्मीकिप्रतिभे'त दरोडेखोरांच्या मद्यपानाच्या गाण्यांना इंग्रजी चाली आल्या, तर वनदेवींच्या विलापाला आयरिश! मूरच्या गीतात कीर्तीच्या वाटेनं निघालेल्या प्रियकराचा निरोप आहे. इथं त्याच चालीवर दरोडेखोरांनी पकडलेल्या पोरीसाठी वनदेवी कळवळतात. तीच चाल पुढं 'कालमृगया'त आली, आणि १८८८ च्या 'मायार खेला'त तर वसंताचं गाणं होऊन आली. मग त्या चालीचा 'खरा' अर्थ कोणता म्हणायचा?

बरं, मूर तरी मूळ कुठं होता? १७९२ मध्ये बेलफास्टला जमलेल्या म्हाताऱ्या हार्पवादकांकडून एडवर्ड बंटिंग या तरुणानं चाली उतरवून घेतल्या. मूरनं त्याच्या संग्रहातून कितीतरी चाली उचलल्या आणि त्यांवर दिवाणखान्यात शोभतील असे इंग्रजी शब्द चढवले. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो, तेच मुळी प्रवासात होतं.

आम्हाला असं वाटतं, स्वप्नातला आयर्लंड त्या चालींत सापडला असता, तर रवींद्रनाथ भक्तिभावानं त्यांची नक्कल करत राहिले असते. तो सापडला नाही, म्हणून चाल मोकळी झाली आणि कवीही मोकळा झाला. प्रेरणा आणि अनुकरण यांत फरक आहे तो एवढाच. तेव्हा चाल कुठून आणली हे जरूर विचारावं. पण ती आणून तिच्याकडून काय म्हणवून घेतलं, हे विचारल्याशिवाय निवाडा देऊ नये.