गुरांमागे गेलेले मूल : फुले, कोल्हापूर आणि कोसबाडची टेकडी

१८८२ साली सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण आयोग नेमला. त्या आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी एक निवेदन सादर केले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि तिच्यातला पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्या निवेदनाचा गाभा सर्वपरिचित आहे. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीचा त्यांनी घेतलेला समाचारही अनेकदा उद्धृत होतो. त्याच निवेदनातील एक साधी नोंद मात्र सहसा कुणी सांगत नाही. शेतकरी आपली मुले शाळेत का पाठवत नाहीत, याचे कारण फुल्यांनी दिले आहे : ती मुले गुरे राखण्यासाठी आणि शेतावर लक्ष ठेवण्यासाठी घरच्यांना हवी असतात.

ही नोंद त्या काळाच्या मानाने फार वेगळी होती. कुणब्याच्या पोराला अक्षराची गोडीच नाही, त्याच्या बापाला विद्येची किंमत कळत नाही, असे बोलणे तेव्हा सुशिक्षितांत सर्रास चाले. फुल्यांनी ती भाषा वापरली नाही. त्यांनी घराचा हिशेब मांडला. ज्या घरात आठ वर्षांचा मुलगा चार जनावरे सांभाळतो, त्या घरातून तो शाळेत गेला तर जनावरांमागे कोणी जायचे? म्हणून त्यांनी मागणी केली ती शाळांची संख्या वाढवण्याची आणि त्याबरोबर या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे देण्याची. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, असेही त्यांनी सुचवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, हा त्यांचा आग्रह तर आजही विचारात घेण्याजोगा आहे. कारण जो शिक्षक पालकांच्या ओसरीवर मोकळेपणाने बसू शकत नाही, त्याच्या शाळेविषयी त्या घरात आपुलकी कशी निर्माण होणार?

त्या काळची शाळा स्वतः कशी होती, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. पंतोजींच्या गावठी शाळेत धूळपाटी, पाढ्यांची घोकंपट्टी आणि छडी हीच अध्यापनाची मुख्य साधने होती. मुलाला पंतोजींच्या हवाली करताना शिक्षेची मुभाही घरचेच देत. शिकणे म्हणजे सोसणे, हा संस्कार त्या काळी घर आणि शाळा दोघे मिळून करत होते. त्यात सरकारी शाळा आल्या तेव्हा पुस्तके छापील झाली. छडी मात्र तीच राहिली.

सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे तीस वर्षे लोंबकळला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढल्याच वर्षी ते फेटाळले गेले. ब्रिटिश मुलखात जे घडू शकले नाही, ते संस्थानांत घडले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले होते व १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड!

त्या काळी एक रुपया ही मजुराच्या घराला जाणवणारी रक्कम होती. शाहूंचा हेतू निःसंशय उदात्त होता आणि त्या हुकमामागे खर्चाची तयारीही होती. तरीही फुले आणि शाहू यांच्या उपायांतील फरक सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. फुल्यांना घराचे होणारे नुकसान भरून काढायचे होते. दंडाने त्याच नुकसानीत भर पडत होती. सक्तीने मूल शाळेच्या पटावर येते हे खरे. पण पटावर आलेल्या मुलाला शाळा कशी वागवते, यावर त्याचे शिक्षणाशी असलेले नाते ठरते. हे शाहूंना पुरते ठाऊक होते. म्हणूनच १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम दिला. पहिल्या हुकमाइतकाच, किंबहुना काकणभर अधिकच, हा दुसरा हुकूम शैक्षणिक आहे.

शाळा मुलाला काय शिकवून जाते, याचा सर्वांत बोलका दाखला साताऱ्याचा आहे. तेथे शाळेत जाणाऱ्या भीमराव आंबेडकरांना वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर एकटे बसावे लागे. संध्याकाळी ते गोणपाट उचलून परत घरी न्यावे लागे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. अशा शाळेने त्या मुलाच्या मनात विद्येविषयी कायमची अढी निर्माण केली असती, तर त्यात नवल नव्हते.

ती अढी निर्माण झाली नाही, याचे श्रेय घराला द्यावे लागते. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत ते मुलाला पहाटे अभ्यासाला उठवत आणि पुस्तकांसाठी वेळप्रसंगी विवाहित मुलींचे दागिने मागून आणून गहाण ठेवत. मात्र येथे थोडे थांबायला हवे. रामजींचे घर तसे घडले, त्यामागेही एक संस्था होती. कंपनीच्या आणि नंतरच्या लष्करात शिपाई व त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. त्या छावणीच्या शाळांनी महार पलटणींतील कित्येक घरे साक्षर केली. एका पिढीला शाळा मिळाली, म्हणून पुढल्या पिढीला अभ्यासाचे घर मिळाले. ‘घरचे वातावरण’ म्हणून ज्याचे कौतुक केले जाते, ते बहुधा आधीच्या पिढीला मिळालेल्या किंवा नाकारलेल्या शाळेचेच फळ असते.

ज्यांच्या मागच्या कोणत्याच पिढीला शाळा मिळाली नव्हती, त्यांचे काय? फुल्यांच्या त्या गुराख्याकडे येण्यासाठी आता ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यात जावे लागते. हा भाग आज पालघर जिल्ह्यात मोडतो.

१९४५ साली तेथील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १८९२ मध्ये मुंबईत प्रार्थना समाजी घरात जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या होत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मोंटेसरींच्या विचाराने भारावून त्यांनी छडीला आणि धाकाला थारा नसलेले बालमंदिर उभे केले होते. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पण भावनगर काय किंवा नंतरचे दादरचे शिशुविहार काय, तेथे येणारी मुले बहुतांशी सुस्थित घरांतली होती. मोंटेसरीची साधने महाग होती आणि खेड्यातल्या कुडाच्या घरांपासून तर फारच दूर होती.

बोर्डीत ताराबाईंच्या सोबत होत्या अनुताई वाघ. १९१० सालचा त्यांचा जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढे शिक्षिका होऊन पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत असताना त्यांनी रात्रशाळेतून मॅट्रिकची परीक्षा दिली. दिवसा पोटासाठी राबून रात्री शिकायला बसणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नव्हते.

बोर्डीत बालवाडी उघडली. वरच्या आळीतली मुले आली. दलित वस्तीतली आली नाहीत. अशा प्रसंगी पालकांच्या अनास्थेवर टिपण लिहून मोकळे होण्याची रीत फार जुनी आहे. या दोघींनी उलट केले. शिक्षिका वस्तीत गेल्या आणि एका घरासमोरच्या अंगणातच त्यांनी मुलांना जमवले. आधी अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी, पानांनी आणि गावच्या कारागिरांनी घडवलेल्या वस्तूंनी घेतली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ही कल्पना येथली.

अंगणाची निवड केवळ सोयीची नव्हती. अंगणात आई दिसत असते. धाकटे भावंड कडेवर घेऊन बसलेली मोठी बहीणही तेथे चालते. आजी उंबऱ्यावरून पाहत राहते आणि मुलांची गाणी तिच्याही कानी पडतात. शाळेच्या इमारतीत मूल शिरले की घर बाहेर राहते. अंगणात तसे होत नाही. शिक्षण ही परक्यांची वस्तू आहे, ही घरातली भावना तेथे रोज थोडी थोडी विरत गेली.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राचे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. वारली आदिवासींचा हा मुलूख. जमीनदार-सावकारांची वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ची प्रथा यांविरुद्ध येथील वारल्यांनी १९४५ मध्येच गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला होता. लिहिता-वाचता येणारा माणूस पाड्यावर येई तो बहुधा वसुलीला, नाही तर वेठीला बोलवायला. अशा पाड्यांनी शाळेकडे संशयाने पाहिले, तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. तो अनुभव होता.

शिवाय मुले मोकळी कुठे होती? दिवसभर ती कुरणात गुरे आणि शेळ्या वळत. फुल्यांच्या निवेदनाला तेव्हा पाऊणशे वर्षे होऊन गेली होती. अनुताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा दंडाचा नव्हता आणि बक्षिसाचाही नव्हता. शिक्षिकाच गुरांमागे गेल्या. कुरणात, झाडाखाली, जनावरांवर एक डोळा ठेवून शिकण्याची ही ‘कुरणशाळा’. दगडगोट्यांनी मोजणी करायची आणि शिकवण्याचा प्रारंभ मुलांना आधीच ठाऊक असलेल्या झाडांपासून, पाखरांपासून करायचा. कोणते झाड केव्हा फुलते, हे सांगण्यात ही मुले शिक्षिकांच्या पुढे असणार हे उघड आहे. शाळेत पाऊल टाकताच अडाणी ठरणारे मूल येथे पहिल्याच दिवशी जाणते ठरत होते. शिकण्याविषयीचा कल बदलण्यात या एका गोष्टीचा वाटा बाकी सर्व साधनांहून मोठा असावा.

टेकडीवर ‘विकासवाडी’ उभी राहिली. तिची रचना पाहण्याजोगी आहे : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. भावंड सांभाळण्यासाठी घरी अडकलेल्या मुलीने भावंडाला घेऊनच यायचे. ते पाळणाघरात आणि ती वर्गात. जी दिवसा कामाला जात, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग. घराची अडचण ही शाळेची अडचण मानायची, हे सूत्र येथे आवाराच्या आखणीतच उतरले होते.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. अनुताई १९९२ मध्ये वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला शब्द देशभर गेला. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी या कामांनी लाखो बालकांचे भले झाले, यात वाद नाही. मात्र अंगण मागे पडले आणि खोली, फलक, रजिस्टर पुढे आले. कुरणशाळेला तर सरकारी योजनेत तसा वारस मिळालाच नाही.

तिची दूरची नातलगे शोधायची तर स्थलांतरितांकडे पाहावे लागते. ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा भरल्या आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. पुढे धोरण बदलले. मूल गावच्याच शाळेत टिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली : आई-वडील फडावर गेले की मुलाने गावी आजी-आजोबांजवळ राहायचे, जेवण योजनेतून मिळायचे. दिवाळीच्या आगेमागे बीडमधल्या तांड्या-वस्त्यांवरून टोळ्या निघतात, तेव्हा प्रत्येक घराला ठरवावे लागते की कोणते मूल मागे ठेवायचे आणि कोणते बरोबर न्यायचे. कोपीवर तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागते, म्हणून पुष्कळदा थोरली मुलगी बैलगाडीत बसते.