नॉर्मल रेंज

गेल्या महिन्यात रक्ततपासणीचा रिपोर्ट फोनवर आला. आकड्याशेजारी 'नॉर्मल रेंज' छापली होती. माझा आकडा तीत बसत होता, मी निश्चिंत झालो. ही रेंज मुळात ठरवतं कोण, हा प्रश्न पडला तो शिशाचा इतिहास वाचताना.

ऑक्टोबर 1924. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत पेट्रोलमध्ये मिसळायचं शिशाचं संयुग बनत होतं. कामगारांना भास होऊ लागले; काहींना बांधून दवाखान्यात न्यावं लागलं. पाच जण दगावले.

मग या उद्योगाने रॉबर्ट किहो या तरुण डॉक्टरला नेमलं. त्याने कामगारांच्या लघवीतलं, विष्ठेतलं, रक्तातलं शिसं मोजायला घेतलं. माणूस आजारी पडण्याआधीच त्याच्या अंगात विष किती मुरलंय ते ओळखायचं. यालाच पुढे जैविक देखरेख म्हणू लागले. कल्पना चांगलीच होती.

पण किती शिसं चालेल? तुलनेसाठी किहोने मेक्सिकोतल्या, कारखान्यांपासून दूर असलेल्या एका खेड्यातली माणसं तपासली. त्यांच्याही लघवीत शिसं निघालं. म्हणजे ते माणसात निसर्गतःच असतं, असा अर्थ त्याने लावला. गंमत अशी, की ती माणसं जेवत त्या मातीच्या भांड्यांची झिलईच शिशाची होती! तरी 100 मिलीलिटर रक्तात 80 मायक्रोग्रॅमच्या आत धोका नाही, ही किहोची रेषा कित्येक दशकं टिकली.

ती रेषा मोजणारा आणि शिसं विकणारा एकाच बाजूला होते.

1965 साली क्लेअर पॅटरसनने तिला आव्हान दिलं. पृथ्वीचं वय काढणारा हाच तो शास्त्रज्ञ. सगळ्यांच्या अंगात सापडतं, म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही, हा त्याचा मुद्दा.

1978 च्या अमेरिकी नियमाने रक्तातल्या शिशाची सरासरी 50 वर गेली, की कामगाराला शिशापासून दूर करणं बंधनकारक केलं. 18 महिन्यांपर्यंत पगार शाबूत. मला हे पगाराचं कलम सगळ्यात शहाणं वाटतं. रिपोर्टमुळे चूल विझणार असेल, तर सुईसाठी हात पुढे कोण करेल?

आपल्याकडे भोपाळनंतर, 1987 साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक रसायनांशी काम करणाऱ्याची आरोग्यनोंद त्याला पाहता आली पाहिजे, असं कलम त्यात आलं. माझा रिपोर्ट माझ्या फोनवर येतो. त्याचाही त्याच्या हातात पडावा, आणि शेजारची रेंज कुणी आखली हे त्याला विचारता यावं.