रस्त्याचे दप्तर : यूजीन आत्जे याचे पॅरिस

पॅरिस शहराच्या अर्वाचीन इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला एका माणसाला वगळून पुढे जाताच येत नाही. हा माणूस इतिहासकार नव्हता. त्याने इतिहासाचा ग्रंथ लिहिला नाही आणि त्याच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याच्यापाशी होता तो एक लाकडी कॅमेरा, एक तिवई आणि काचेच्या प्लेटींचे ओझे. हे ओझे घेऊन तो सुमारे तीस वर्षे पॅरिसच्या गल्लीबोळांतून हिंडला आणि मागे हजारो छायाचित्रे ठेवून गेला. त्याचे नाव यूजीन आत्जे. त्याच्या चरित्राच्या निमित्ताने मला एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांची दप्तरे असतात. पण रस्त्याचे दप्तर कोण ठेवतो?

आत्जेचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लिबूर्न या गावी झाला. बाप गाड्या बांधणारा कारागीर. मुलाला कळू लागण्यापूर्वीच आईबाप दोघेही वारले आणि आजीआजोबांनी त्याला बोर्दो येथे वाढविले. पोरवयातच तो जहाजावर नोकरीला लागला. पण समुद्रापेक्षा त्याला नाटकाची ओढ अधिक होती. १८७८ साली तो पॅरिसला आला आणि पुढल्या वर्षी तेथील सुप्रसिद्ध नाट्यविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. परंतु त्याच वेळी सक्तीची लष्करी नोकरी मागे लागली. एकीकडे छावणी आणि दुसरीकडे तालीम, ही ओढाताण दोन वर्षे चालली आणि १८८१ मध्ये विद्यालय सुटले. मग तो फिरत्या नाटकमंडळ्यांत शिरला. त्याला भूमिका मिळाल्या त्या दुय्यम. अशाच एका दौऱ्यात वालेंतीन कोंपान्यों या नटीशी त्याची गाठ पडली आणि ती त्याची जन्माची सोबतीण झाली. पुढे घशाच्या विकाराने त्याचा आवाज गेला आणि रंगभूमीचा मार्ग बंद झाला.

तिशी उलटलेला, ना धंदा ना भांडवल, असा हा माणूस. त्याने काही काळ चित्रे रंगवून पाहिली आणि शेवटी छायाचित्रणाकडे वळला. १८९० च्या सुमारास त्याने आपल्या दारावर एक पाटी लावली. ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ अशा अर्थाची ती पाटी होती. चित्रकाराला झाडाचे खोड हवे असते, नेपथ्यकाराला जुना जिना हवा असतो, लोहाराला कठड्याची नक्षी हवी असते. त्यांनी यावे आणि नमुना विकत न्यावा, असा हा व्यवहार. आत्जेने आपल्या कामाला आयुष्यभर कला म्हटले नाही, दस्तऐवज म्हटले. हा शब्द आपण ध्यानात ठेवू.

आता त्या काळच्या पॅरिसकडे वळले पाहिजे. १८५३ ते १८७० या काळात बॅरन ओस्मान याने तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने त्या शहराचा कायापालट केला होता. मध्ययुगीन वस्त्या पाडून त्यांतून रुंद, सरळ राजरस्ते काढले होते. ओस्मान गेला तरी पाडापाडी थांबली नव्हती. शतक संपत आले तेव्हा लोकांना उरल्यासुरल्या जुन्या शहराची हळहळ वाटू लागली आणि १८९७ साली नगरपालिकेने जुन्या पॅरिसच्या देखरेखीसाठी एक समितीच नेमली. जे पडणार आहे त्याची निदान नोंद तरी राहावी, ही भावना हवेत होती. आत्जेने ती हेरली. त्याच सुमारास त्याने जुने पॅरिस हाच आपल्या कामाचा विषय केला. शहरातील कार्नाव्हाले संग्रहालय, नगराचे ऐतिहासिक ग्रंथालय आणि राष्ट्रीय ग्रंथालय ही त्याची गिऱ्हाइके बनली. म्हणजे या कामात पोटाचा व्यवसाय होता आणि जिवाचा छंदही होता. दोन्ही एकाच वेळी खरे होते, आणि यात विसंगती पाहण्याचे कारण नाही.

पण आत्जे जुन्या वाड्यांवर आणि देवळांवर थांबला नाही. शतकाच्या त्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत त्याने रस्त्यावर पोट भरणाऱ्या माणसांची एक मालिकाच घेतली. टोपल्या विकणारा, दिव्याची झाकणे खांद्यावर लादून फिरणारा, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा, फुले विकणारी, भाकरी पोचविणारी बाई. असे नाना धंदे. यांतील एक चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. एक दाढीवाला म्हातारा दांड्याने वाजणारी पेटी फिरवतो आहे आणि त्याच्या शेजारी एक ठेंगणी मुलगी मान वर करून गाते आहे. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रोजच्या कामाचा थकवा आहे आणि मुलीच्या चेहऱ्यावर असा आनंद आहे की तो शंभरांहून अधिक वर्षांनंतरही पाहणाऱ्याला लागतो. तिचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. तिच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून ही एक काच पुरेशी झाली आहे.

त्याची कामाची रीत समजून घेतली तर ही चित्रे कशी वाचावीत हेही कळते. त्याचा कॅमेरा भात्याचा आणि प्लेट अठरा सेंटिमीटर बाय चोवीस सेंटिमीटर मापाची. एकेक काच जपून चढवायची, डोक्यावर काळे कापड घ्यायचे, उलटी दिसणारी प्रतिमा जुळवायची आणि मग भिंगाचे तोंड उघडायचे. उंच इमारत चौकटीत बसावी म्हणून तो भिंग वर सरकवी. त्यामुळे पुष्कळ चित्रांचे वरचे कोपरे कमानीसारखे काळे पडलेले दिसतात. छापण्यासाठी तो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद वापरी. काच आणि कागद चौकटीत एकत्र दाबून उन्हात ठेवायचे, की चित्र आपोआप उमटे. बाजारात हलके, झटपट चालणारे कॅमेरे आले तरी त्याने ही रीत बहुधा सोडली नाही. तो भल्या पहाटे बाहेर पडे. उजेड मंद, म्हणून भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे, आणि तेवढ्यात कोणी चालून गेला तर त्याची धुक्यासारखी रेघ तेवढी उरे. त्याचे रस्ते निर्मनुष्य का दिसतात, याचे एक साधे उत्तर हे आहे. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३१ साली लिहिलेल्या निबंधात या ओसाड रस्त्यांना गुन्ह्याच्या जागेची उपमा योग्यच दिली गेली आहे असे म्हटले. उपमा मार्मिक आहे. गुन्ह्याच्या जागी माणूस नसतो पण खुणा असतात, आणि इतिहासाचा अभ्यास हाही खुणांचाच तपास आहे.

तथापि साधन कितीही अस्सल असले तरी त्याची परीक्षा केलीच पाहिजे. फेरीवाल्यांची चित्रे सहज टिपलेली वाटतात, पण ती तशी नाहीत. इतका वेळ चालणाऱ्या कामासाठी त्या माणसांना थांबवावे लागले, उभे करावे लागले. १९१० साली त्याने पॅरिसमधील घरांच्या अंतर्भागाचा एक संग्रह केला. त्यात एका नाट्यकलावंताचे म्हणून जे छोटे घर दाखविले आहे ते खुद्द आत्जेचेच होते, हे संशोधकांनी पुढे सिद्ध केले. नव्या पॅरिसची वैभवस्थळे तर त्याने जवळजवळ टाळलीच. तेव्हा हे पॅरिसचे संपूर्ण चित्र नव्हे. एका माणसाने निवडलेले पॅरिस आहे. मात्र त्याच्या निवडीत एक न्याय होता. ज्याची दुसरीकडे नोंद होणार नाही, त्याची नोंद तो करीत होता.

याची साक्ष त्याच्या पुढील कामात मिळते. पॅरिसच्या तटाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात चिंध्या आणि भंगार गोळा करणारे लोक खोपटी बांधून राहत. १९१२-१३ च्या सुमारास आत्जे त्यांच्या वस्तीत गेला आणि त्याने त्यांची घरे, त्यांच्या गाड्या आणि दारात उभी असलेली त्यांची कुटुंबे टिपली. १९१९ पासून तो तट पाडला जाऊ लागला आणि त्याच्या आश्रयाने उभे राहिलेले ते जीवनही कालांतराने नाहीसे झाले. चांभारांनी कातडी धुवून काळी केलेली बिएव्र नावाची लहान नदी शहरातून वाहत असे. तिचे काठही त्याने घेतले. १९१२ पर्यंत शहरातील तिचे पात्र झाकले गेले, आणि आज ती तेथे रस्त्यांखाली गेली आहे. दुकानांच्या काचा हा त्याचा आणखी एक आवडता विषय. १९०८ मधील एका पानगृहाच्या चित्रात दाराच्या काचेआडून चेहरे बाहेर पाहत आहेत आणि त्याच काचेत तिवईवरील कॅमेऱ्याचे प्रतिबिंब पडले आहे. पाहणारा आणि ज्याला पाहिले तो, असे दोघेही एकाच पुराव्यात सापडले आहेत.

येथे मराठी श्रोत्याला एका समकालीनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आत्जे जुन्या पॅरिसच्या मागे लागला त्याच सुमारास, म्हणजे १८९८ साली, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. दोघांना एकमेकांची वार्ताही असण्याचा संभव नाही. तरी दोघांची वृत्ती एक होती : रचलेल्या कथेपेक्षा अस्सल कागद मोलाचा, तो जेथे असेल तेथे पायी जावे, आणि नष्ट होण्यापूर्वी तो हाती घ्यावा. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले, आत्जे त्यानंतर आठ महिन्यांच्या आत. एकाने वाड्यांतील रुमाल सोडविले, दुसऱ्याने वाड्यांबाहेरचा रस्ता.

आत्जेच्या स्वभावाची आणखी एक बाजू येथे सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वी काही वर्षे तो कामगारांसाठी चालविलेल्या लोकविद्यापीठांत नाटकावर व्याख्याने देत असे. दिवसभराच्या कामानंतर ऐकावयास आलेल्या साध्या माणसांना तो मोलिएर समजावून सांगे. ज्या फेरीवाल्यापुढे सकाळी कॅमेरा उभा करावयाचा, त्याच्यासारख्याच माणसापुढे संध्याकाळी व्याख्यानाला उभे राहावयाचे, असा हा जीवनक्रम होता. त्याच्या चित्रांतील गरीब माणूस कधी कीव यावी असा दिसत नाही, याचे मूळ मला यातच आहे असे वाटते.

युद्धाने त्याचे फार नुकसान केले. वालेंतीनचा मुलगा रणांगणावर पडला. काम थांबले. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने काचा तळघरात नेऊन ठेवाव्या लागल्या. आपल्यामागे या संग्रहाचे काय होणार, ही काळजी म्हातारपणी त्याला ग्रासू लागली. १९२० साली त्याने ललितकलांच्या सरकारी अधिकाऱ्याला पत्र लिहिले आणि वीस वर्षांहून अधिक काळ खपून जमविलेला हा ठेवा सरकारने घ्यावा, अशी विनंती केली. सरकारने २,६२१ काचा १०,००० फ्रँक देऊन घेतल्या. त्या पैशामुळे अखेरच्या वर्षांत त्याला गिऱ्हाइकाचा विचार न करता मनाजोगे काम करता आले. त्याची उत्तम मानलेली कित्येक चित्रे या साठीनंतरच्या काळातली आहेत.

त्याच्याच रस्त्यावर मॅन रे हा अमेरिकन कलावंत राहत असे. त्याने काही चित्रे विकत घेतली आणि १९२६ साली त्यांतील एक, सूर्यग्रहण पाहणाऱ्या गर्दीचे १९१२ मधील चित्र, अतिवास्तववाद्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर छापले गेले. आत्जेने आपले नाव घालू नये असे सांगितले. हे केवळ दस्तऐवज आहेत, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी वालेंतीन वारली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तोही गेला.

मॅन रे याच्याकडे मदतनीस म्हणून काम केलेल्या बेरेनिस अॅबट या तरुणीने त्याच वर्षी आत्जेचे छायाचित्र घेतले होते. छापलेली प्रत दाखवावयास ती गेली, तेव्हा तो जगात नव्हता. तिने संग्रहाचा माग काढला. तो आत्जेचा जुना नटमित्र आंद्रे काल्मेत याच्या ताब्यात होता. १९२८ साली तिने तो विकत घेतला आणि पुढे न्यूयॉर्कला नेला. १९३० मध्ये आत्जेच्या चित्रांचा ग्रंथ निघाला. चाळीस वर्षे तिने तो ठेवा सांभाळला. १९६८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो घेतला. त्यात सुमारे पाच हजार चित्रे आणि हजाराहून अधिक काचा होत्या. २०२० साली पॅरिसच्या नगर-संग्रहालयांनी आपल्या लाखाहून अधिक प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या केल्या, त्यांत आत्जेचीही चित्रे आहेत. पाटीवरचा तो शब्द अशा रीतीने खरा ठरला.

या सर्व हकीकतीत मला विचार करण्याजोगी वाटते ती एक गोष्ट. रस्त्याचे दप्तर आपोआप तयार होत नाही आणि आपोआप टिकतही नाही. ते करणारा एक लागतो, विकत घेणारी संस्था लागते, आणि दोघांच्या मध्ये पडून ते वाचविणारे कोणी तरी लागते. यांतील एक जरी दुवा तुटला असता तर ती गाणारी मुलगी आज कोणालाही ठाऊक नसती. आपल्या शहरांतही कल्हईवाला, पिंजारी, बोहारीण, टांगेवाला ही माणसे कालपरवापर्यंत दारावरून जात होती. त्यांची छायाचित्रे कोठे असतील तर ती घरोघरच्या ट्रंकांत, लग्नमुंजीच्या चित्रांच्या मागे-पुढे, कोपऱ्यात नकळत आलेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने पुण्यातील हजारो घरे धुऊन नेली. त्यांत असे किती कागद गेले याची गणती होणार नाही. पाणी नसेल तेथे वाळवी असते आणि वाळवी नसेल तेथे आपली अनास्था असते.

आत्जे प्रत्येक चित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीने जागेचे नाव आणि काचेचा क्रमांक लिहीत असे. ते क्रमांक उलगडल्यावरच संशोधकांना त्याच्या साऱ्या कामाची मांडणी कळली. कलावंताची प्रतिभा सर्वांना मिळत नाही, पण पेन्सिल प्रत्येकाच्या घरी असते. घरातले एखादे जुने चित्र उलटून पाहावे. मागे काही लिहिलेले नसेल, आणि त्यातला रस्ता, दुकान किंवा माणूस ओळखणारे वडीलधारे अजून हयात असतील, तर त्यांना आजच विचारून ते लिहून ठेवावे.