जालन्याचा मस्तगड : एका बाजारपेठेच्या किल्ल्याचा इतिहास आणि वारसा

प्रस्तावना
मराठवाड्यातील किल्ल्यांचा विचार करताना देवगिरी, परांडा, औसा यांचा उल्लेख प्रामुख्याने केला जातो. जालना शहरातील मस्तगड मात्र बहुधा उपेक्षित राहतो. वास्तविक, नावात 'गड' असला तरी हा भुईकोट होय. कुंडलिका नदीकाठी अगोदर पेठ वसली, भरभराटीस आली आणि त्यानंतर तिच्या आश्रयाने किल्ला उभा राहिला. हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय मस्तगडाचे महत्त्व समजत नाही.

पेठेची समृद्धी
जालन्याचे प्राचीन नाव जनकपूर असल्याची परंपरा आहे. अकबराच्या काळात अबुल फजल काही काळ येथे राहिल्याचे सांगितले जाते. काळी मशीद, सराई आणि मोती तलाव यांची निर्मिती जमशेदखानाशी जोडली जाते. 'जालना सोने का पालना' ही लोकोक्ती या पेठेच्या वैभवाची निदर्शक आहे. नोव्हेंबर 1679 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांची ही श्रीमंत पेठ लुटली. शहराची संपत्तीच त्याच्या असुरक्षिततेचे कारण ठरली, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

किल्ल्याची उभारणी
ऑक्टोबर 1724 मध्ये साखरखेर्डा येथील लढाईत निजाम-उल्-मुल्क असफजाह याने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमधील आपली सत्ता दृढ केली. ही रणभूमी जालन्यापासून फार दूर नव्हती. पुढच्याच वर्षी, 1725 मध्ये, त्याच्या आज्ञेने काबिलखानाने जालन्याचा किल्ला बांधला. बालेकिल्ल्यास मस्तगड हे नाव मिळाले. किल्ल्याची रचना चौकोनी असून कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज आहेत. बालेकिल्ल्यातील फारसी शिलालेख बांधकामाचा काळ सांगतो, तर आतील विहिरीस सज्जे व दालने होती. नव्या सत्तेने स्थापनेच्या प्रारंभीच या पेठेची दखल घेतली, ही बाब अर्थपूर्ण आहे.

सत्तांतराचा साक्षीदार
दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, सप्टेंबर 1803 च्या प्रारंभी, कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांकडील जालन्याचा किल्ला घेतला. त्याच महिन्याच्या 23 तारखेस असईची लढाई झाली. पुढे इंग्रजांची छावणी जालन्यात आली. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने पेठेला नवे बळ दिले. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा बनला. दरम्यानच्या काळात नगरपालिकेचे कार्यालय मस्तगडात होते. ज्या तटांआड शासनाची शस्त्रे होती, तेथेच नागरिकांचा कारभार चालू लागला. इतिहासाच्या दृष्टीने हे परिवर्तन लक्षणीय म्हणावे लागेल.

समारोप
आज बियाणे आणि पोलाद या उद्योगांमुळे जालना ओळखले जाते. वस्तुतः हे उद्योग येथील जुन्या व्यापारी परंपरेचेच नवे रूप होत. मात्र वाढत्या शहरात तटबंदीचे अवशेष वेगाने नष्ट होतात, हे वास्तव नाकारता येत नाही. शिलालेखाचे वाचन व छायाचित्रण, विहिरीचे मोजमाप, मूर्ती दरवाजासारख्या वेशींची नोंद आणि वयोवृद्धांच्या आठवणींचे संकलन ही कामे स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येतील. एकदा ढासळलेला बुरूज पुन्हा बांधता येईल, पण त्याने जपलेला पुरावा परत मिळत नाही.